तिला आधीच कळलेलं

मे महिन्यात मिरजेला घरचं लग्न होतं. सत्यनारायण उरकलेला, निम्मे पाहुणे गेलेले, उरलेले हॉलमध्ये सतरंजीवर लोळत होते आणि पंखा नुसताच गरम हवा इकडून तिकडे ढकलत होता. आत्या भिंतीला टेकून संध्याकाळच्या फोडणीसाठी लसूण सोलत बसलेली. विषय निघाला एका दूरच्या भावाचा, चाळिशीला आलाय, लग्न केलं नाही, ऑफिसातनं दिवसातून तीनदा आईला फोन करतो वगैरे. त्यावर पुण्यात सायकॉलॉजी शिकणारा आमचा भाचा मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, हा टिपिकल ईडिपस कॉम्प्लेक्स आहे. आत्यानं विचारलं, ते काय असतं रे? मग त्यानं गोष्ट सांगितली. राजाला भविष्य सांगतात की तुझा मुलगा तुला मारून आईशी लग्न करेल, राजा पोराच्या घोट्यांना टोचून पाय बांधतो आणि डोंगरावर टाकायला देतो, मेंढपाळ वाचवतो, पोरगा परक्या गावात वाढतो, मोठेपणी रस्त्यात भांडणातून बापाला ठार मारतो, कोडं सोडवून राज्य मिळवतो, विधवा राणीशी लग्न करतो, चार मुलं होतात, शेवटी कळतं आणि तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. दोन मिनिटांत संपवली. आत्या म्हणाली, आणि ती? तिनं फास घेतला, हा म्हणाला. कधी, त्याला कळायच्या आधी का नंतर? भाचा अडखळला. तर आत्या लसणाची पाकळी नखानं उकलत अगदी सहज म्हणाली, तिला आधीच कळलेलं असणार. पायाला खुणा होत्या म्हणतोस ना? चार पोरं झाली तोवर नवऱ्याचे पाय बघितलेच नाहीत होय तिनं?

सगळे हसले, चहा आला, विषय दुसरीकडे गेला. माझ्या डोक्यातनं मात्र ते पाय काही जाईनात.

कॉलेजात याच गोष्टीवरचं नाटक आम्हाला नेमलेलं होतं. मूळ नाटक ग्रीक, सोफोक्लीजचं, ते वाचलं इंग्रजी भाषांतरातून, आणि खरं सांगायचं तर बाजारातल्या गाईडमधून. घरात पुलंचा 'राजा ओयदिपौस' होता तोही वाचलेला. आमच्या सरांनी सगळं नाटक 'ट्रॅजिक फ्लॉ', म्हणजे नायकाला बुडवणारा त्याचाच दोष, या एका खुंटीला टांगलं होतं, राजाचा अहंकार, राजाचा संताप, राजाची सत्य शोधायची जिद्द, आणि आम्ही ते तसंच्या तसं पेपरात उतरवून मार्क मिळवले. राणी म्हणजे प्रश्नपत्रिकेत 'टीपा लिहा'च्या यादीत शेवटी येणारं नाव. तर लग्नाहून परत आल्यावर मी ते भाषांतर काढलं आणि नुसती त्या राणीची, योकास्ताची वाक्यं वाचत गेले, मधलं सगळं सोडून. असं वाचलं की वेगळंच नाटक दिसतं.

म्हणजे बघा, घोट्यांची गोष्ट योकास्ता स्वतःच्या तोंडानं नवऱ्याला सांगते. भविष्यबिविष्य काही खरं नसतं हे पटवायला म्हणून ती म्हणते की लायसला, तिच्या पहिल्या नवऱ्याला, असंच सांगितलं होतं पोराच्या हातून मरशील, काय झालं? पोर तीन दिवसांचं व्हायच्या आत त्यानं त्याचे घोटे जखडून डोंगरावर टाकायला दिलं, आणि लायसला मारलं ते दरोडेखोरांनी, तीन रस्ते मिळतात तिथं. आता समोर जो उभा आहे त्याच्या स्वतःच्या पायात लहानपणापासून दुखणं आहे, त्याचं नावच त्यावरून पडलंय. तो दचकतो, पण कशाला? तीन रस्त्यांना! घोटे त्याच्या कानावरून सरळ निघून जातात. त्याला खुनाची भीती वाटायला लागते, आपण कोण आहोत याची नाही. लोकांनी या नाटकातल्या न पटणाऱ्या गोष्टींवर पूर्वीपासून बोट ठेवलंय. आधीचा राजा कसा मेला हे इतकी वर्षं राज्य करून ईडिपसला माहीत नसावं हे ॲरिस्टॉटललाही खटकलेलं, तो म्हणतो ही विसंगती नाटकाच्या बाहेर आहे म्हणून चालवून घ्यायची. अठराव्या शतकात व्होल्तेरनं स्वतःचं ईडिपस नाटक लिहिलं आणि वर सोफोक्लीजच्या चुका काढणारी पत्रं छापली. पण या मोठ्या मंडळींचा प्रश्न त्याच्याबद्दलचा, त्याला कसं माहीत नाही. आत्याचा प्रश्न तिच्याबद्दलचा होता.

आणि नाटकात त्याचं उत्तर जवळजवळ आहे. ईडिपस जिथं वाढला त्या कोरिंथहून निरोप्या येतो, तो ज्याला बाप समजतो तो पॉलिबस वारला म्हणून सांगतो, ईडिपसला हायसं वाटतं की चला बाप आपल्या हातून मेला नाही, पण आई मेरोपी अजून जिवंत आहे ना, तिची भीती. त्याची समजूत घालायला निरोप्या म्हणतो, अरे ती तुझी आई नव्हेच, तुला मी आणून दिला होता, किथेरॉन डोंगरावर लायसच्या मेंढपाळानं माझ्या हातात दिला, घोटे टोचलेले होते, मीच सोडवले. या दोघांचं बोलणं साठेक ओळी चालतं. तेवढा वेळ योकास्ता स्टेजवर उभी आहे आणि एक शब्द बोलत नाही. तिथं सगळी कामं पुरुष करायचे, मुखवटे घालून, म्हणजे तिचा चेहराही बदलायची सोय नाही. हजारो लोक उघड्यावर दगडी पायऱ्यांवर बसून बघतायत, दोन माणसं बोलतायत आणि बाजूला एक न बदलणारा मुखवटा. मग ईडिपस वळून तिला विचारतो, हा कुठला मेंढपाळ, तुला माहितीये का? ती म्हणते, कशाला विचारतोस, सोडून दे, जिवाची काळजी असेल तर शोधू नकोस, माझं दुखणं मला पुरेसं आहे. त्याला वाटतं बाईसाहेबांना माझ्या हलक्या कुळाची लाज वाटतीये. हे वाचताना मला खरंच हसू आलं, एवढा हुशार माणूस, स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं सोडवणारा, आणि बायकोच्या तोंडावरचं ओळखता येईना. ती त्याला एकदा अभागी म्हणते, म्हणते आता हाक मारायला माझ्याकडे एवढंच उरलंय, आणि आत निघून जाते. मग कोरस घाबरतो तिच्या गप्पपणाला. तो मात्र मोठ्या ऐटीत, मी नशिबाचा मुलगा!

(जाता जाता, या नाटकाला त्या वर्षी दुसरा नंबर मिळाला होता. पहिल्याचं नाटक आज शिल्लकही नाही. परीक्षक तेव्हापासून तसेच.)

तर आता फ्रॉइड, मनोविश्लेषणाचा जनक. भाच्याच्या कॉम्प्लेक्सचं मूळ एका पत्रात आहे, 15 ऑक्टोबर 1897, फ्रॉइडनं आपला मित्र फ्लीस याला लिहिलेलं. वडील जाऊन वर्ष होत आलेलं, तो स्वतःचीच स्वप्नं उकरत बसलेला, आणि त्यात लिहितो की आईबद्दल प्रेम आणि बापाबद्दल मत्सर मला माझ्यात सापडला आणि आता मला वाटतं हे सगळ्यांनाच असतं, म्हणून तर ते नाटक अजून पकड घेतं. पुढे स्वप्नांवरच्या पुस्तकात त्यानं ते छापलं, आणि पुरावा म्हणून कुणाचं वाक्य घेतलं? योकास्ताचं. ती ईडिपसला धीर देताना म्हणते की आईशी निजल्याची स्वप्नं पुष्कळ पुरुषांना पडतात, त्याकडे लक्ष न देणाराच सुखात जगतो. गंमत अशी की ती दुर्लक्ष कर म्हणतीये आणि फ्रॉइडनं नेमका तिथंच दवाखाना थाटला. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, 1906 साली, शिष्यांनी एक पदक करून दिलं, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ईडिपस आणि स्फिंक्स, आणि सोफोक्लीजची ओळ, ज्यानं ते प्रसिद्ध कोडं सोडवलं तो थोर माणूस अशा अर्थाची. म्हणतात ते वाचून फ्रॉइड पांढराफटक पडला, कारण विद्यार्थीदशेत व्हिएन्ना विद्यापीठाच्या आवारातले जुन्या प्रोफेसरांचे पुतळे बघताना त्यानं कल्पना केली होती की आपलाही पुतळा इथं असेल आणि त्याखाली हीच ओळ असेल. म्हणजे स्वतःला तो कोडं सोडवणारा ईडिपस समजत होता. डोळे फोडून घेणारा नव्हे.

फ्रॉइडला उत्तर देणारेही निघाले. मला सगळ्यात आवडतो तो झाँ-पिएर व्हेर्नां, फ्रेंच, ग्रीक जगाचा मोठा अभ्यासक. त्यानं 1967 मध्ये साधाच मुद्दा काढला: या ईडिपसला हा कॉम्प्लेक्स असूच शकत नाही. कारण त्याला वाढवलं मेरोपीनं. लहानपणी जीव लावला असेल तर तिला, आणि भविष्य कळल्यावर तो तिच्याचपासून लांब पळून गेला. योकास्ता त्याला राज्याबरोबर मिळाली, कोडं सोडवल्याचं बक्षीस म्हणून, त्यात ओढबिढ कुठली? भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पण अनकॉन्शस... या शब्दानंतर कुणाशीही वाद घालता येत नाही हा माझा अनुभव. जॉर्ज डेव्हेरो म्हणून आणखी एक, तो म्हणाला अहो पण सुरुवात बापानं केलीये, पोराला आधी मारायला लायस निघाला, त्याच्या पापांचा पाढा ग्रीकांना पाठ होता, पेलॉप्स राजाच्या मुलाला त्यानं पळवलं होतं, तर बापाच्या कॉम्प्लेक्सबद्दल का कुणी बोलत नाही? हे आपल्याला पटकन पटेल. आपल्याकडे बापाचं पारडंच जड, ययाती पोराचं तारुण्य मागून घेतो आणि पोरगा देतोही, शंकर गणपतीचं मुंडकं उडवतो, शंतनूच्या लग्नासाठी भीष्म जन्मभर ब्रह्मचारी. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी यावरच लिहिलंय, की भारतीय गोष्टींत बाण बहुतेकदा उलट्या दिशेनं जातो. पण हे सगळे वाद बाप आणि मुलगा यांच्यात. बाई मधे, मिळालेली किंवा न मिळालेली.

तसं हे अर्थ लावायचं वेड खुद्द ग्रीकांइतकंच जुनं आहे. होमरच्या देवांची भांडणं म्हणजे आग, पाणी, हवा यांची भांडणं असं कुणीतरी इसवीसनपूर्व सहाव्या शतकातच सांगून टाकलं होतं. मेट्रोडोरस नावाच्या एका महाभागानं तर अगामेम्नॉन म्हणजे आकाश, अकिलीस म्हणजे सूर्य, आणि देव म्हणजे शरीराचे अवयव असं जमवलं, डिमिटर म्हणजे यकृत, अपोलो म्हणजे पित्त. पालिफेटस म्हणून एक होता तो मला आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या एका काकांची फार आठवण करून देतो, ज्यांच्याकडे प्रत्येक पुराणकथेचं सायंटिफिक कारण तयार असतं. अर्धा माणूस अर्धा घोडा असले सेंटॉर कधी नव्हतेच, तो म्हणतो, ती घोड्यावर बसणारी पहिली पोरं, लांबून तसं दिसायचं. शिकारी अ‍ॅक्टियनला त्याच्याच कुत्र्यांनी खाल्लं म्हणजे शिकारीच्या नादात शेती बुडाली, कुत्र्यांचा खर्च बसला डोक्यावर! आणि स्फिंक्स? ती कॅडमसची, ईडिपसचं थीब्ज शहर वसवणाऱ्याची, पहिली बायको, त्यानं दुसरी केल्यावर चिडून आपली माणसं घेऊन डोंगरावर गेली आणि तिथून थीब्जवर हल्ले करायला लागली. मला हे वाचून क्षणभर स्फिंक्सबद्दल सहानुभूतीच वाटली. पॉसेनियस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी, त्यानं ऐकलेली हकीकत आणखी घरगुती: स्फिंक्स ही लायसची अनौरस मुलगी, तिला एक घराण्यातलं गुपित ठाऊक होतं, आणि जो कुणी गादीवर हक्क सांगायला यायचा त्याला ती तेच विचारायची. म्हणजे राक्षसीण वगैरे काही नाही, घरातली एक बाई जिला सगळं माहीत होतं.

प्लेटोनं या असल्या खुलाशांची एके ठिकाणी मस्त फिरकी घेतलीये. सॉक्रेटिस आणि फीड्रस अथेन्सच्या भिंतीबाहेर इलिसस नदीत अनवाणी चालतायत, भर उन्हाळा, दुपार, पाणी पायांना गार लागतंय, पुढे चिनार दिसतोय त्याखाली बसायचंय. फीड्रस विचारतो, बोरियास वाऱ्यानं ओरिथियाला पळवलं ते इथंच का? खरं वाटतं का तुला ते? सॉक्रेटिस म्हणतो, मी शहाण्यांसारखं सांगू शकतो की ती मैत्रिणीबरोबर खेळत होती, उत्तरेचा वारा सुटला, खडकावरून पडली, म्हणून वाऱ्यानं नेली म्हणतात. पण मग मला सेंटॉरही दुरुस्त करत बसावे लागतील, कायमेराही, गॉर्गनही, पंखवाला घोडाही, त्याला फार वेळ पाहिजे. मला अजून मी कोण हेच कळलेलं नाही, हे कुठं काढू? बरं म्हणून तो मुद्दा सोडून देतो आणि दोघं झाडाखाली बसतात, वर सिकाडा किडे कर्कश ओरडतायत. मी हे वाचते तेव्हा मला आधी नेहमी सॉक्रेटिस बरोबर वाटतो. नंतर वाटतं, स्वतः कोण हे शोधायला निघालेला दुसरा माणूस म्हणजे ईडिपसच की.

एकोणिसाव्या शतकात सूर्याची साथ आली. मॅक्स म्युलर, ऋग्वेदवाला, भारतात एकदाही न आलेला, त्यानं द्यौष्पितर, झ्यूस आणि ज्युपिटर एका ओळीत बसवले, ते बरोबरच होतं, पण मग जिथं तिथं सूर्य आणि उषा दिसायला लागले. अपोलो डॅफ्नीच्या मागे धावतो म्हणजे सूर्य पहाटेच्या मागे. 1863 मध्ये मिशेल ब्रेआलनं ईडिपसचाही सूर्य केला, स्फिंक्स म्हणजे पावसाळी ढग, आणि त्याच पंथातल्या लोकांनी योकास्ताची जांभळी पहाट करून टाकली, सूर्याला जन्म देणारी आणि संध्याकाळी परत भेटणारी. झालं, पाप ना पुण्य, नुसता सूर्यास्त. डब्लिनच्या एका पाद्र्यानं 1870 साली याच पद्धतीनं सिद्ध करून दाखवलं की मॅक्स म्युलर हा माणूस नसून सूर्याचीच एक दंतकथा आहे. तरी मला त्या जांभळ्या रंगाचा राग येत नाही, वाक्य सुंदर आहे. फक्त एका बाईनं गळफास घेतला हे त्यात कुठं बसवायचं ते सांगत नाहीत.

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्ट्रॉसचा या गोष्टीवरचा 1955 चा तक्ता मी लाईट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला काढून बघितला. गोष्टीचे तुकडे करायचे आणि चार उभ्या रांगांत लावायचे. एका रांगेत रक्ताच्या नात्याला जरुरीपेक्षा जास्त जवळ करणं, आईशी लग्न, ईडिपसच्या मुलीनं, अँटिगनीनं भावाला पुरणं. दुसऱ्या रांगेत तेच नातं पायदळी तुडवणं, बापाला मारणं, भावांनी एकमेकांना मारणं. तिसरीत राक्षस मारणं, चौथीत त्या घराण्यातल्या लंगड्या-वाकड्या पायांची नावं. पाय! मी जरा खूश झाले, निदान कुणालातरी पाय दिसले. पण तक्त्यात ते एका मोठ्या प्रश्नाकडे जातात, माणूस मातीतून उगवतो का दोघांच्या पोटी येतो, आणि ज्या पायाकडे एखादी बाई रात्री दिव्याच्या उजेडात बघेल तो पाय तिथं नाही. त्याची एक गोष्ट मात्र मला कायमची पटली. तो म्हणतो गोष्टीचं खरं मूळ रूप शोधत बसू नका, तिची सगळी रूपं मिळून ती गोष्ट होते, आणि त्यात फ्रॉइडही आला. म्हणजे फ्रॉइडनं गोष्टीचा अर्थ सांगितला नाही, त्यानं ती परत एकदा सांगितली. तसं असेल तर सतरंजीवरची दोन मिनिटांची आवृत्ती पण धरायला पाहिजे.

आता थोडं आमच्या भावकीतलं. आमचे एक आजोबा दत्तक होते. अगदी तान्हे असताना आलेले, दुसऱ्या गावातनं, नात्यातलेच. हे अख्ख्या वाड्याला माहीत होतं, आम्हा पोरांनाही माहीत होतं आणि आम्हाला कुणी कधी सांगितल्याचं आठवत नाही. त्यांच्यासमोर काही शब्द निघायचे नाहीत. चेहरेपट्टी कुणावर गेली, लहानपणी कोण कुणासारखं दिसायचं, असली बोलणी ते आले की बंद व्हायची, कुणीतरी उगीच पाण्याचा तांब्या आणायला उठायचं. म्हातारपणी सात-बाऱ्यावरच्या वारसनोंदीसाठी जुने कागद काढावे लागले आणि आता यांना कळणार म्हणून सगळे धास्तावले, तर आजोबा चष्मा पुसत म्हणाले, हे होय, हे मला मुंजीच्या आधीपासून माहितीये, तुम्हाला कोण सांगणार म्हणून मी गप्प होतो. इतकी वर्षं सगळ्यांनी सगळ्यांना सांभाळून घेतलेलं. ते प्रेम होतं का भीती होती हे मला अजून सांगता येत नाही, बहुतेक दोन्ही.

या आजोबांमुळे असेल, मला नाटकात आता न बोलणारेच जास्त दिसतात. भविष्य सांगणाऱ्या आंधळ्या टायरेसियसला माहितीये, तो आधी सांगायलाच तयार नसतो. लायसच्या बरोबर होता आणि एकटाच वाचून आला तो मेंढपाळ, तो परतला तेव्हा गादीवर ईडिपस बसलेला बघून त्यानं योकास्ताच्या हाताला धरून विनवलं की मला लांब रानात पाठव, शहर दिसणार नाही इतकं लांब. आणि तिनं पाठवला. का म्हणून विचारलं नाही. तोच मेंढपाळ, ज्यानं पोर टाकायच्या ऐवजी दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. अर्धं थीब्ज ओठ मिटून बसलंय आणि मधे एकटा राजा ओरडून ओरडून चौकशी करतोय. आम्ही सगळ्यांनी परीक्षेत त्या ओरडणाऱ्यावर उत्तरं लिहिली.

ग्रीकांनी स्वतः या बाईचं एकच काही ठरवलेलं नाही. होमरमध्ये तिचं नाव एपिकास्ता, ओडिसियस तिला मेलेल्यांच्या जगात बघतो, तिनं उंच तुळईला फास लावला, पण ईडिपस पुढेही थीब्जवर राज्य करत राहिला, डोळ्यांबिळ्यांचा उल्लेख नाही. तिथं होमर म्हणतो देवांनी ती गोष्ट लगेच उघड केली, आणि त्यावरून पॉसेनियसनं वकिलासारखा मुद्दा काढला: लगेच उघड झाली तर चार मुलं कधी झाली? म्हणजे ती मुलं दुसऱ्या बायकोची, युरिगानियाची. युरिपिडीजच्या एका नाटकात तर योकास्ता सगळं कळल्यावरही जिवंत आहे, म्हातारी, काळी वस्त्रं घातलेली, भांडणाऱ्या दोन पोरांना समोरासमोर बसवून समजावतीये. आणि 1970 च्या दशकात फ्रान्समधल्या लील इथं इजिप्तच्या एका ममीच्या आवरणातून कागदाचे तुकडे सुटे केले त्यात स्टेसिकोरस या ग्रीक कवीची मानली जाणारी कविता निघाली, सोफोक्लीजच्याही शंभरेक वर्षं आधीची. त्यात थीब्जची राणी बोलतीये. नाव शिल्लक नाही, योकास्ता असेल नाहीतर युरिगानिया. टायरेसियसनं पोरं एकमेकांना मारणार म्हणून सांगितलंय आणि ती म्हणतीये, हे असं ठरलेलंच असेल तर मला ते बघायच्या आधी मरण येऊ दे, आणि लगेच पुढच्या दमात व्यवहारावर येते: चिठ्ठ्या टाका, एकानं घर घ्यायचं, दुसऱ्यानं सोनं आणि गुरं घेऊन गाव सोडायचं. वाटणी! मला इतकं ओळखीचं वाटलं ते. मरणाची भाषा आणि वाटणीची भाषा एकाच तोंडात.

हे सगळं शोधताना मला जे मिळालं ते मात्र मी अजिबात अपेक्षिलं नव्हतं. 1950 साली लंडनच्या 'मॅन' या मानवशास्त्राच्या पत्रिकेत एक छोटं टिपण आलंय, ईडिपसच्या गोष्टीचं मराठी रूप, लेखिका इरावती कर्वे. म्हणजे 'युगांत'वाल्या इरावतीबाई. गोष्ट सटवाईच्या मुलीची. सटवाई आपल्याला माहितीये, सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते. माझ्या पुतणीच्या वेळी आजीनं पाटा-वरवंटा मांडून, हळदकुंकू वाहून, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं, बॉलपेन, आणि टोपण काढून ठेव गं म्हणून मला दोनदा सांगितलं होतं. तर ही सटवाई रोज रात्री जाते कुठं म्हणून तिची मुलगी विचारते, आणि मग विचारते माझ्या कपाळी काय लिहिलंयस? आई म्हणते, तू तुझ्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी ठरवते पुरुषाचं तोंड बघायचं नाही, रानात जाऊन राहते. तरी दिवस जातातच. मूल झाल्यावर ती अंगावरच्या कापडात गुंडाळून टाकून देते. एका गरीब जोडप्याला ते सापडतं, ते वाढवतात. पुढे तो तरणा मुलगा रानात येतो, तिला बघतो, लग्न करून घरी नेतो. आणि एके दिवशी त्या घरात तिला ते कापड दिसतं. तिला कळतं, आईनं लिहिलेलं खरं झालं. आणि मग? मग काही नाही. ती नवऱ्याबरोबर सुखानं नांदली, म्हाताऱ्या सासूसासऱ्यांचे आशीर्वाद घेत म्हातारी झाली.

मी तो शेवट परत परत वाचला.

पहिल्यांदा मला मोकळं वाटलं, कुणी मेलं नाही, डोळे शाबूत, रोगराई आली नाही, कोरस रडला नाही. गोष्ट पहिल्यापासून बाईची आहे, भविष्य तिचं, पळणं तिचं, ओळखणं तिचं. पोराला तर शेवटपर्यंत काहीच कळत नाही, त्याला बिचाऱ्याला कॉम्प्लेक्स व्हायलाही वाव नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. सुखानं नांदली म्हणजे कशी नांदली? रोज त्याला जेवायला वाढताना? रामानुजन यांना उत्तर कर्नाटकात अशीच एक कन्नड गोष्ट मिळाली, एका बाईनंच सांगितलेली, त्यात शेवट वेगळा आहे, कळल्यावर ती पाळण्यातल्या बाळाला अंगाई म्हणते, नीज माझ्या लेका, नीज माझ्या नातवा, नीज माझ्या नवऱ्याच्या भावा, आणि मग फास घेते. ती अंगाई ऐकल्यावर मराठी गोष्टीतलं सुख आणखीच अवघड होतं. आपल्याकडच्या बायकांनी सांगितलेली गोष्ट, ऐकणाऱ्याही बायकाच असणार, आणि त्यांना तो शेवट चालला. याला शहाणपण म्हणायचं का सोसणं, मला दोन्हीकडं ओढल्यासारखं होतं. भाचा म्हणतो रिप्रेशन. म्हणू दे.

माझं डोकं हल्ली त्या सासूपाशी अडकलंय. सापडलेल्या पोराच्या अंगावरचं फाटकं कापड इतकी वर्षं जपून ठेवणारी बाई काही साधी नाही. तिनं ते जाळलं असतं, फडक्याला वापरलं असतं, ते नाही केलं. तिला काय ठाऊक होतं यावर माझी एक थिअरी तयार आहे, पालिफेटसला शोभेल अशी, पुरावा शून्य. नव्या सुनेनं एकदा विचारलं असेल, हे कसलं हो कापड, म्हातारीनं सांगितलं असेल, आणि त्यानंतर सुनेनं त्या कापडाचं नाव कधीच काढलं नसेल. घरातल्या प्रत्येक चिंधीची चौकशी करणारी सून एकाच चिंधीबद्दल गप्प बसते म्हटल्यावर कुठल्या सासूला कळायचं राहणार आहे?